अळंबीचे उरलेले तणस आणि आपले यकृत

आपला बालाघाट जिल्हा धानाचा. येथील 'चिन्नोर' तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या बांधीतील सुगंधाला राजमान्यता लाभल्याचा आनंद सर्वांनाच झाला. धानाचे कौतुक झाले. धानाच्या तणसाचे कौतुक मात्र सहसा कोणी करीत नाही. ते गुरांच्या पुढ्यात जाते, छपरावर जाते किंवा शेतातच जाळले जाते. अलीकडे त्याला आणखी एक उपयोग सापडला आहे. हेच तणस भिजवून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून त्यावर धिंगरी अळंबी वाढविण्याचा जोडधंदा किरनापुर, वारासिवनी, गोंदिया या पट्ट्यात अनेक कुटुंबांनी आणि महिला बचतगटांनी धरला आहे. एका पिशवीतून साधारण दीड-दोन महिन्यांत अळंबीचे दोन-तीन बहर निघतात. त्यानंतर पिशवी फाडून आतील तणस उकिरड्यावर टाकले जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे टाकून दिलेले तणस आहे. या 'कचऱ्यात' यकृताचे रक्षण करणारी नैसर्गिक द्रव्ये असल्याचे संशोधन गेल्या दीड दशकात पुढे आले आहे. वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरील संदेशांतून त्याच्या बातम्या आपल्या गावापर्यंत पोहोचतात आणि मग कावीळ झालेल्या मुलाचे पालक विचारतात, 'याचा काढा करून दिला तर चालेल का?' प्रश्न भाबडा वाटला तरी त्याला हसून टाळणे योग्य नाही. संशोधन खरे आहे आणि काढा धोक्याचा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य असू शकतात. त्या कशा, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

पिशवीत उरते तरी काय?

आपण खुडतो ती अळंबीची छत्री हे बुरशीचे केवळ फळ. तिचे खरे शरीर म्हणजे तणसाच्या काडीकाडीत शिरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे, ज्याला शास्त्रीय परिभाषेत कवकजाल म्हणतात. आंबे उतरविले तरी झाड जागेवर राहते, त्याप्रमाणे अळंबी खुडली तरी हे जाळे पिशवीतच राहते. धिंगरी ही लाकूड कुजविणाऱ्या बुरशींच्या कुळातील आहे. गुरांनाही नीट न पचणारे तणसातील लिग्निन ती आपल्या विकरांनी फोडते आणि त्यातून स्वतःचे शरीर बांधते. त्यामुळे टाकून दिलेल्या पिशवीत अर्धवट पचलेले तणस आणि भरपूर कवकजाल यांचे मिश्रण असते. प्रमाणही थोडेथोडके नसते. बटन अळंबीच्या मोठ्या उद्योगात एक किलो ताज्या अळंबीमागे सुमारे पाच किलो वापरलेले खत शिल्लक राहते, असा ढोबळ हिशेब मांडला जातो.

या मिश्रणातील चार द्रव्ये आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, बुरशीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान नावाची बहुशर्करा. दुसरे, लिग्निन फुटून सुटणारी फिनॉल वर्गातील संयुगे. तिसरे, अर्गोस्टेरॉल, ज्याचे उन्हातील अतिनील किरणांनी ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. चौथे आणि सर्वांत कुतूहलाचे द्रव्य म्हणजे अर्गोथायोनीन.

अर्गोथायोनीनचा शोध १९०९ साली फ्रेंच औषधनिर्माते शार्ल तान्रे यांनी लावला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी आपण वापरतो ते अर्गोमेट्रीन राय धान्यावरील ज्या अर्गट बुरशीपासून मिळते, त्याच बुरशीत त्यांना हे गंधकयुक्त अमिनो आम्ल सापडले. ते मानवी शरीरात तयार होत नाही. आहारातूनच यावे लागते आणि आहारातील त्याचा सर्वांत मोठा स्रोत अळंबी हाच आहे. २००५ साली जर्मनीतील कोलोन येथील ग्रुंडेमान आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या एका द्रव्यासाठी आपल्या पेशींच्या आवरणावर खास वाहक प्रथिन असते. जे द्रव्य शरीर स्वतः बनवीत नाही, ते आत घेण्यासाठी स्वतंत्र दरवाजा राखून ठेवलेला आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आत आलेले अर्गोथायोनीन यकृतात, मूत्रपिंडात आणि तांबड्या रक्तपेशींत साठते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील हॅलिवेल यांच्या गटाने २०१६ साली गिनीपिगांवरील प्रयोगात असे नोंदविले, की मेदयुक्त यकृत झालेल्या प्राण्यांच्या यकृतात या द्रव्याचा साठा वाढतो. संकटाच्या वेळी शरीर ते यकृताकडे ओढून घेत असावे, असा त्यांचा तर्क आहे.

उंदराच्या यकृतापर्यंतचा पुरावा

वापरलेल्या माध्यमातून ही द्रव्ये खरोखर काढता येतात का? येतात. २०१० साली जपानी संशोधकांनी एनोकी अळंबीच्या शिल्लक माध्यमापासून पाण्यात विरघळणारा अर्क तयार केला आणि त्याची ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता प्रसिद्ध केली. त्यांचे लक्ष यकृताकडे नव्हते. साठविलेल्या माशाचा रंग आणि स्निग्धांश बिघडू नये, हा त्यांचा हेतू होता. पुढे चीनमधील प्रयोगशाळांनी निरनिराळ्या अळंबींच्या उरलेल्या खतातून बहुशर्करा वेगळ्या केल्या आणि त्या उंदरांना देऊन यकृतावरील परिणाम तपासले.

या प्रयोगांची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कार्बन टेट्राक्लोराइड, मद्यार्क किंवा पॅरासिटामॉलची मोठी मात्रा देऊन उंदराच्या यकृताला इजा केली जाते. एका गटाला अर्क मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. नंतर रक्तातील एएलटी व एएसटी ही विकरे मोजतात आणि यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अर्क मिळालेल्या उंदरांत विकरांची वाढ कमी, पेशींचा नाश कमी आणि दाहही कमी आढळतो. कारणमीमांसाही पटण्याजोगी आहे. फिनॉल आणि अर्गोथायोनीन मुक्त मूलके शमवितात. बीटा-ग्लुकान आतड्यातून जसेच्या तसे शोषले जात नाही. परंतु आतड्यातील जीवाणू त्यावर पोसले जातात, आणि रोगप्रतिकारक पेशींवर त्याला ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा ग्राहक असतो, हे २००१ साली सिद्ध झाले आहे. आतड्यातील रक्त प्रतिहारी शिरेने थेट यकृतात जाते. म्हणून आतड्यात शांतता असेल तर यकृतालाही उसंत मिळते.

इथवरचे सर्व मान्य करण्यास हरकत नाही. मात्र हा पुरावा वाचताना वैद्यकाने दोन गोष्टी विसरू नयेत. एक म्हणजे, यांतील बऱ्याच प्रयोगांत अर्क विषाच्या आधी किंवा विषासोबत दिलेला असतो. आपल्याकडे मूल येते ते डोळे पिवळे झाल्यावर. आग लागण्यापूर्वी भिंत ओली करणे आणि आग लागल्यावर विझविणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरी गोष्ट मात्रेची. अशा प्रयोगांत उंदराला किलोमागे चारशे मिलिग्रॅमपर्यंत शुद्ध बहुशर्करा देतात. प्रचलित सूत्राने शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब लावला तर बालकासाठी ती मात्रा किलोमागे सुमारे पन्नास मिलिग्रॅम येते, म्हणजे वीस किलोच्या मुलाला रोज जवळपास एक ग्रॅम शुद्ध द्रव्य. पातेल्यात मूठभर तणस उकळल्याने काय आणि किती उतरेल, हे कोणालाही सांगता येणार नाही.

उंदरात चालले म्हणजे माणसात चालेलच असेही नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण सिलिमरीनचे. मिल्क थिसल या वनस्पतीपासून मिळणारे हे द्रव्य 'यकृतरक्षक' म्हणून जगभर विकले जाते आणि प्राण्यांतील त्याचा पुरावा अळंबीच्या अर्काहून कितीतरी मोठा आहे. अमेरिकेत जुनाट हिपॅटायटिस-सी असलेल्या १५४ रुग्णांवर सिलिमरीनची तुलनात्मक चाचणी झाली आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत, चोवीस आठवडे तोंडाने देऊनही यकृताच्या विकरांत निरुपयोगी गोळीपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही.

त्यांची पिशवी आणि आपली पिशवी

आता आपल्या गावच्या पिशवीकडे वळू. प्रयोगशाळेत वापरतात ते माध्यम वाफेने निर्जंतुक केलेले असते, त्यातील प्रत्येक घटक माहीत असतो आणि त्यातून द्रव्य गाळून, धुऊन, शुद्ध करून घेतलेले असते. आपल्याकडे लहान उत्पादकाजवळ वाफेचे यंत्र नसते. त्यामुळे तणसातील नको त्या बुरशी मारण्यासाठी रासायनिक पद्धत सर्रास वापरली जाते. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम बाविस्टीन आणि १२५ मिलिलिटर फॉर्मलिन मिसळून तणस सोळा ते अठरा तास त्यात बुडवून ठेवायचे, ही प्रशिक्षणवर्गांत शिकविली जाणारी रीत आहे. फॉर्मलिन बरेचसे उडून जाते. बाविस्टीन म्हणजे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक; प्रयोगप्राण्यांत ते वृषणांना अपाय करते आणि मोठ्या मात्रेत यकृतालाही. काढा उकळल्याने ते नाहीसे होईल, या भरवशावर कोणी राहू नये. म्हणजे यकृताच्या रक्षणासाठी जो काढा द्यायचा, त्यातच यकृताला नको असलेले रसायन असण्याचा संभव आहे.

दुसरा धोका नंतर उगवणाऱ्या बुरशीचा. बहर संपलेली पिशवी ओलसर असते आणि उकिरड्यावर पडताच तिच्यावर हिरव्या, काळ्या, पिवळ्या बुरशी चढतात. त्यांत ॲस्परजिलस फ्लेव्हस असेल तर ती अफ्लाटॉक्सिन तयार करू शकते, आणि ते यकृताचे अत्यंत प्रखर विष आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेर गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा जिल्ह्यांत मका भिजून बुरशी लागली. तोच मका खाणाऱ्या आदिवासी कुटुंबांत कावीळ व जलोदराची साथ पसरली. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी १०६ दगावली. अफ्लाटॉक्सिन घरच्या चुलीवरील उकळीला दाद देत नाही.

येथेच जंगली अळंबीविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, ज्यांना आपल्याकडे कोणी पिहरीही म्हणतात, ही आपल्या भागातील हौसेची भाजी. ओळखणारी जाणती माणसे त्या पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. मात्र अमॅनिटा कुळातील काही छत्र्यांत असणारे अमॅटॉक्सिन यकृतपेशीतील प्रथिननिर्मितीची आज्ञाच बंद पाडते. या विषाची चाल फसवी असते. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होते. एप्रिल २०२२ मध्ये आसामातील चहामळ्यांच्या भागात जंगली अळंबी खाल्ल्याने तेरा जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. तोंडाने देऊन निष्प्रभ ठरलेल्या त्याच सिलिमरीनमधील सिलिबिनीन युरोपात या विषबाधेवर शिरेतून देतात. औषध एकच असले तरी रोग, मार्ग आणि वेळ बदलली की त्याची योग्यता बदलते. अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या सुरू झाल्या, तर जुलाब थांबले म्हणून मुलाला घरी ठेवू नये. शिल्लक राहिलेली अळंबी सोबत घेऊन त्याला त्वरित मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आपोआप बरी होणारी कावीळ

एवढे असूनही काढ्याने गुण आल्याचे सांगणारी माणसे भेटतात आणि ती खोटे बोलत नसतात. त्याचे कारण यकृताच्या आजाराच्या स्वभावात आहे. मुलांना होणारी कावीळ बहुतांशी दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस-ए विषाणूची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. या काळात जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळते. गळ्यात घातलेली कावीळीची माळ लांबत जाते, चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, आणि मूल बरे झाल्यावर माळ व चुना दोन्ही गुणकारी ठरतात. आपण डॉक्टर मंडळी लिहून देतो त्या 'लिव्हर टॉनिक'च्या बाटलीलाही हाच न्याय लागू आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

अडचण येते ती उरलेल्या थोड्या मुलांची, कारण त्यांची कावीळ आपोआप बरी होणारी नसते. पित्तनलिका बंद असलेल्या नवजात बाळाची शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी असते. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाली, तर यशाची शक्यता सर्वांत चांगली. त्यानंतर प्रत्येक आठवडा महाग पडतो. विल्सनच्या आजारात ताम्र यकृतात साठत राहते आणि लवकर ओळखल्यास त्यावर औषध आहे. सिकलसेल तर आपल्या भागाचा परिचित आजार. त्यातील पिवळे डोळे बऱ्याचदा रक्तपेशी फुटल्यामुळे असतात, यकृताचा दोष नसतो. या सर्व मुलांना 'पिलियाचा काढा' म्हणून पंधरा दिवस काहीतरी पाजत ठेवले, तर काढा निरुपद्रवी असला तरी गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

काढा निरुपद्रवी असतोच असेही नाही. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला झालेली इजा टिपली आणि २०२१ साली ती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती होती याची तपासणी झालेली नाही. पुढे २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. हा वाद आयुर्वेदाविरुद्ध ॲलोपॅथी असा लावण्याचे कारण नाही. आक्षेप आणि अहवाल या दोहोंतून एकच बोध निघतो. 'नैसर्गिक' म्हणून जे पोटात जाते, ते नेमके काय आहे, किती आहे आणि कोणाला दिले जात आहे, हे माहीत असल्याशिवाय त्याच्या गुणाविषयी बोलता येत नाही आणि दोषाविषयीही.

पुण्याने घालून दिलेला पाठ

बुरशीपासून आलेले द्रव्य बालकाचे यकृत वाचवू शकते का, या प्रश्नाचे एक पूर्ण तपासलेले उत्तर महाराष्ट्रात आहे. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल, पूर्वी वर्षा-दोन वर्षांच्या बाळांना एक आजार होई. पोट फुगे, यकृत दगडासारखे टणक लागे, मूल चिडचिडे होई, मग कावीळ, जलोदर आणि काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातील दोन-तीन भावंडे जात. वैद्यकीय ग्रंथांत त्याचे नाव 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस'. नाना टॉनिके, काढे, गंडेदोरे झाले. आजार हटला नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या बाळांच्या यकृतात साठलेल्या प्रचंड ताम्राचा माग काढला. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. गायी-म्हशीचे वरचे दूध लवकर सुरू करून ते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापविण्याची व ठेवण्याची पद्धत त्यांना या आजाराच्या मुळाशी दिसली. दुधातील प्रथिन भांड्यातील ताम्र उचलते आणि ते बाळाच्या यकृतात जाते. आजारी व निरोगी बालकांच्या आहारेतिहासाची त्यांनी जोडीजोडीने तुलना केली. आनुवंशिक प्रवृत्तीचाही त्यात काही वाटा असावा, असे मानले जाते. पुढे ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतातूनही अशीच हकिगत प्रसिद्ध झाली. तेथे १९०० ते १९७४ या काळात ताम्राच्या भांड्यातील दुधावर वाढलेली १३८ बालके अशाच आजाराने दगावली होती.

उपचाराचा भाग आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. पेनिसिलिन ही पेनिसिलियम बुरशीची देणगी, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५३ साली ब्रिटिश वैद्य जॉन वॉल्श यांना पेनिसिलिन घेणाऱ्या यकृतरुग्णांच्या मूत्रात पेनिसिलिनपासून निघालेले पेनिसिलामीन हे द्रव्य आढळले. ते ताम्राला पकडून शरीराबाहेर काढील, असा विचार करून त्यांनी १९५६ साली विल्सनच्या आजारावर त्याचा यशस्वी उपयोग प्रसिद्ध केला. पुण्याच्या गटाने हेच औषध सिऱ्होसिसच्या बालकांना देऊन त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १९८७ साली निष्कर्ष मांडले. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात आलेली बरीच मुले जगली. वाचलेल्या मुलांच्या यकृताचे तुकडे पुन्हा तपासून सुधारणा खात्रीने पाहिली गेली आणि वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. फार उशिरा आलेल्यांना मात्र हे औषधही वाचवू शकले नाही.

असा हा बुरशीच्या कुळातून आलेला यकृतरक्षक. त्याला हे नाव मिळण्याआधी आजाराचे कारण शोधले गेले, द्रव्य शुद्ध रूपात हाती आले, ते काय करते हे कळले, मात्रा ठरली, तुलना झाली आणि मुले मोठी होईपर्यंत त्यांची विचारपूस झाली. तरीही हा आजार आपल्यातून नाहीसा झाला, त्याचे मोठे श्रेय औषधाकडे जात नाही. स्वयंपाकघरात पितळेच्या जागी स्टीलचे पातेले आले आणि आईचे दूध आग्रहाने दिले जाऊ लागले, म्हणून तो गेला. यकृताचे सर्वांत स्वस्त रक्षण कारण दूर करण्यात असते.

मग या तणसाचे करावे काय?

अळंबीच्या तणसाकडे याच मापाने पाहावे. त्यातील द्रव्यांवर संशोधन व्हावे, आणि ते आपल्या भागात व्हावे, असे मनापासून वाटते. सोलन येथील राष्ट्रीय खुंब संशोधन संस्था १९८३ पासून या विषयाला वाहिलेली आहे. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे महाविद्यालय आपल्या वारासिवनीजवळ मुरझड येथे आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेती आणि वैद्यक यांनी हातात हात घातले तर प्रथम आपल्या पिशव्यांतील बुरशीनाशकाचे आणि अफ्लाटॉक्सिनचे अंश मोजता येतील, नंतर कोणत्या अळंबीच्या तणसात कोणते द्रव्य किती आहे याची नोंद करता येईल. प्राण्यांवरील विषाक्ततेच्या चाचण्या, निरोगी प्रौढ, यकृताचे प्रौढ रुग्ण आणि सर्वांत शेवटी बालके, ही त्यापुढची पायरी-पायरीची वाट आहे. तिला वर्षे लागतील. तिचा आडमार्ग नाही.

उत्पादक भगिनींना सांगावेसे वाटते, की जमेल तेथे रसायनाऐवजी गरम पाण्याची किंवा वाफेची पद्धत धरावी. बहर संपलेल्या तणसाचे उत्तम कंपोस्ट किंवा गांडूळखत होते आणि त्यातून निघालेली भाजी घरच्या ताटात येते. रसायनात भिजविलेले किंवा बुरशी चढलेले तणस गुरांनाही घालू नये. कोणी अर्काची पुडी किंवा बाटली विकण्याचा आग्रह धरला, तर त्याची माणसांवर तपासणी झाली आहे का, हे आधी विचारावे. धिंगरी मात्र नीट शिजवून अवश्य खावी. अर्गोथायोनीन ज्यांना हवे, त्यांच्यासाठी तो सरळ आणि चवदार मार्ग आहे.

आपल्या मुलांचे यकृत आज ज्यांनी खात्रीने वाचते, ते उपाय साधे आहेत. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस-बी लसीचा पहिला डोस द्यावा; ही लस २०११ पासून देशभर सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट आहे. पिण्याचे पाणी उकळावे, शौचानंतर साबणाने हात धुवावेत. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनानुसार मोजून द्यावे, दोन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या एकाच वेळी देऊ नयेत. बुरशी लागलेला मका, शेंगदाणे फेकून द्यावेत. अनोळखी छत्री तोडू नये. नवजात बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली किंवा शीचा रंग पांढुरका दिसला, तर एक दिवसही थांबू नये. मोठे मूल कावीळीत सुस्त झाले, भलतेसलते बोलू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

तणसातील द्रव्यांचे भवितव्य संशोधक ठरवतील. तोपर्यंत तणस शेतात जावे, अळंबी ताटात यावी आणि डोळे पिवळे झालेले मूल दवाखान्यात यावे, एवढे झाले तरी पुष्कळ यकृते वाचतील.